विक्रांत नौकेची कागदी प्रतिकृती : न ताणणाऱ्या पदार्थाची भूमिती

आकुर्डी येथे मुख्य कार्यालय असलेल्या बजाज ऑटो कंपनीने २०१६ साली ‘व्ही’ या नावाची एक मोटारसायकल बाजारात आणली. विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेच्या मोडीतून मिळालेल्या धातूचा अंश या गाडीत वापरला आहे, असे त्या वेळी कंपनीने जाहीर केले होते. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या पोलादाने समुद्र झेलला, ते अशा रीतीने पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याशी जोडले गेले. परंतु तेथे आले ते केवळ द्रव्य. नौकेचा आकार वाटेतच, भट्टीत, नाहीसा झाला होता. तो आकार पुन्हा उभा करावयाचा झाल्यास कागद आणि सरस यांच्या साहाय्याने तो किती विश्वासाने उभा करता येईल, आणि कोठे कागद स्वतःच नकार देईल, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. प्रश्न वरकरणी छंदाचा वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी असलेली भूमिती चाकणच्या कारखान्यांत रोज पत्र्यावर राबविली जाते, आणि त्यातील पुराव्याचा भाग इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही.

विक्रांतचा जन्म ब्रिटनमधील. टाइन नदीवरील व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत १९४३ साली तिचा कणा बसविण्यात आला आणि सप्टेंबर १९४५ मध्ये ती ‘हर्क्युलिस’ या नावाने पाण्यात उतरली. महायुद्ध संपले होते; १९४६ मध्ये तिचे काम अपुरे ठेवण्यात आले. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्ट येथील हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत ती पूर्ण झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचे संग्रहालय करण्यात आले. ते २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणावरून बंद पडले. न्यायालयापर्यंत गेलेला वाद २०१४ साली संपला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात तिची मोडणी सुरू झाली. ती ज्या मॅजेस्टिक वर्गातील होती, त्या वर्गात सहा जहाजे होती. त्यांपैकी एकही आज शिल्लक नाही. म्हणजे टेप घेऊन जावे आणि मोजून यावे, असे या आकाराचे एकही मूळ जगात कोठे उरलेले नाही. कोची येथे बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झालेली नवी विक्रांत ही नावापुरती तिची वारस होय; तिची लांबी २६२ मीटर असून तिच्या अंगाचा जुन्या नौकेशी संबंध नाही.

प्रतिकृती करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न कात्रीचा नसून कालाचा असतो. विक्रांत म्हणजे कोणत्या वर्षाची विक्रांत? १९६१ साली ती आली तेव्हा तिच्या डेकवर तिरकी धावपट्टी आणि वाफेवर चालणारे विमान-प्रक्षेपक, म्हणजे कॅटापुल्ट, होते. सी हॉक ही जेट विमाने आणि आलिझे ही पाणबुडीविरोधी विमाने तिच्यावर असत. डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरातून कॉक्सबझार आणि चितगाव यांवर हल्ले झाले ते याच विमानांनी. १९८३ पासून सी हॅरियर विमाने आली, आणि १९८० च्या दशकातील दुरुस्तीत कॅटापुल्ट काढून नौकेच्या पुढच्या टोकाशी ९.७५ अंशांचा चढ बांधण्यात आला. म्हणून चढ असलेल्या डेकवर सी हॉक उभे करणारी प्रतिकृती कितीही सुबक असली तरी ती कधीही अस्तित्वात नसलेल्या नौकेची प्रतिकृती ठरते. अशा मिश्र प्रतिकृती पुष्कळ दिसतात. याचे कारण सहज सांगता येते: संग्रहालयाच्या काळातील छायाचित्रे सर्वांत विपुल, आणि १९७१ ची आठवण सर्वांत उज्ज्वल. हात एका पुराव्यावर चालतो आणि मन दुसऱ्या. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत दोन पाठांचे कडबोळे करण्यास जो दोष दिला जातो, तोच येथेही द्यावा लागेल. प्रस्तुत विवेचनात १९७१ ची नौका गृहीत धरली आहे.

प्रमाणाचा निर्णय त्यानंतर येतो. कागदी जहाजांच्या छापील आराखड्यांची परंपरा युरोपात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर विशेष वाढली. साधनांचा दुष्काळ होता. कागद आणि सुरी मात्र घरोघर होती. जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन येथून निघणाऱ्या आराखड्यांनी १:२५० हे प्रमाण रूढ केले. पोलंडमध्ये १९५७ साली ‘माली मोडेलाश’ हे नियतकालिक निघाले आणि तेथे १:३०० व १:२०० ही प्रमाणे चालली. १:२५० घेतल्यास विक्रांतची २१३ मीटर लांबी ८५.२ सेंटिमीटर होते, सुमारे २४.४ मीटरची अंगाची रुंदी ९.८ सेंटिमीटर, आणि ३९ मीटरचा उड्डाण-डेक १५.६ सेंटिमीटर. सी हॉक ४.८ सेंटिमीटरचे होते आणि आलिझे ५.५ सेंटिमीटरचे. गमतीची अडचण अशी की, छपाईसाठी सहज मिळणारा ए-३ आकाराचा कागद ४२ सेंटिमीटर लांब असतो. दोन कागद जोडले तरी विक्रांत सव्वा सेंटिमीटरने बाहेर राहते. तिसरा कागद घ्यावाच लागतो, आणि मग डेकवरचे सांधे कोठे लपवावयाचे हे आधीच ठरवावे लागते. उत्तम जागा म्हणजे विमाने वर-खाली नेणाऱ्या दोन उद्वाहकांच्या कडा. तेथे मूळ नौकेवरही रेघ होतीच.

प्रमाणाबरोबर कागदाची जाडीही मोजावी लागते. दर चौरस मीटरला १६० ते २०० ग्रॅम वजनाचा जो कागद कवचासाठी वापरतात, तो साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो. २५० ने गुणले असता ही जाडी ५ सेंटिमीटर होते. डेकच्या कडेचे बारीक कठडे प्रमाणात कापू गेल्यास कागदापेक्षाही बारीक निघतात, आणि म्हणूनच तेथे दोरा वापरावा की कठडा मुळीच दाखवू नये, हा विवेकाचा प्रश्न होतो. जाड कठड्यांनी वेढलेली नौका दुरून गुरांच्या कोंडवाड्यासारखी दिसते. त्यापेक्षा कठडे नसलेली बरी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. लाटण्याभोवती कागद गुंडाळला तर एकही सुरकुती पडत नाही. शेंगदाण्याची पुडी करताना तोच कागद शंकू होतो, तेव्हाही पडत नाही. परंतु नारळाला कागद लपेटू गेल्यास सुरकुत्या टाळता येत नाहीत, मग हात कितीही कुशल असो. याचे कारण हातात नसून पृष्ठभागात आहे. कोणते पृष्ठभाग सपाट उलगडता येतात याचा शोध ऑयलरने १७७२ च्या निबंधात घेतला. आणि १८२७ साली गाउसने दाखवून दिले की, पृष्ठभागाच्या एखाद्या बिंदूपाशी असलेल्या दोन मुख्य वक्रतांचा गुणाकार हा पृष्ठभाग न ताणता कितीही वाकविला तरी बदलत नाही. सपाट कागदासाठी हा गुणाकार शून्य असतो. म्हणून कागद एका दिशेने वाकला की दुसऱ्या दिशेने त्याला सरळ राहावे लागते. लाटण्याची एक दिशा सरळ आहे, पुडीचीही आहे, नारळाची नाही.

युद्धनौकेच्या अंगात लाटणे, पुडी आणि नारळ हे तिन्ही एकत्र नांदतात, आणि त्यांच्या जोडीला चौथा प्रकार असतो तो खोगिराचा. नौकेचा मध्यभाग जवळजवळ एकसारख्या छेदाचा असतो. तेथे बाजू आणि तळ यांना जोडणारी गोलाई लाटण्यासारखी एकाच दिशेने वळते, आणि कागद आज्ञाधारकपणे तिच्याभोवती बसतो. मागच्या टोकाला तळ वर उचलला जातो आणि त्याच वेळी आत वळतो. तेथे नारळाची वक्रता येते. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे निमुळते टोक, त्याहून अवघड. पाण्यालगत ती सुरीसारखी अरुंद असते आणि वर डेककडे जाताना बाहेर पसरत जाते. आडव्या छेदात बाहेरच्या बाजूस फुगीर, उभ्या छेदात आतल्या बाजूस खोलगट. हे खोगीर होय. नारळावर कागद जास्त होतो म्हणून त्याला सुरकुत्या पडतात. खोगिरावर त्याच्या कडा अपुऱ्या पडतात म्हणून तो फाटतो.

सुरकुती आणि फाट या दोन शब्दांशी चाकण-पिंपरी परिसरातील प्रेस शॉपमध्ये काम केलेला कोणीही मनुष्य परिचित असतो. मोटारीचे दार किंवा मोटारसायकलची इंधनटाकी हेही दोन दिशांनी वळलेले पृष्ठभाग आहेत, आणि तेही सपाट पत्र्यापासूनच निघतात. फरक इतकाच की पत्रा ताणतो. खोल ओढकामासाठी बनविलेले पोलाद तुटण्यापूर्वी ४० टक्क्यांच्या आसपास लांबते. साधा कागद फार तर २ ते ५ टक्के. डायच्या कडेने पत्रा किती घट्ट धरून ठेवावा हे ठरविणे म्हणजेच सुरकुती आणि फाट यांमधली वाट काढणे होय: सैल धरला तर सुरकुती, आवळून धरला तर फाट. पिंपरीस टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६० च्या दशकात काम आरंभिले तेव्हा सुमंत मुळगावकरांनी साचे व अवजारे घडविण्याच्या विद्येवर भर दिला, त्यामागे हीच जाणीव होती. गाडीचा आकार शेवटी डायमध्ये असतो. २००९ साली चाकणला सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातही वाहनाचा आरंभ प्रेस शॉपपासूनच होतो. उलट, त्याच पट्ट्यात सुट्या भागांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनविणारे जे कारखाने आहेत, ते कागदाच्या बाजूचे. ते केवळ सपाट पृष्ठे आणि घड्या यांवर निर्वाह करतात, ताणाच्या वाटेला जात नाहीत. कागदी नौकेला या दोघांच्या मधोमध उभे राहावे लागते: साधन खोकेवाल्याचे, साध्य प्रेस शॉपचे.

गोदीतला उपाय याहून निराळा असतो. तेथे जाड पत्रा रुळांतून काढून एका दिशेने वाकवितात, आणि दुसरी वक्रता हवी असल्यास ज्योतीने ठरावीक रेषांवर तापवून थंड करतात; तापलेली रेषा थंड होताना आकसते आणि पत्रा हळूहळू वळतो. कागदाला ज्योत चालत नाही. मात्र किंचित ओलावून, गोल टोकाच्या दांडीने मऊ कापडावर घासल्यास तो त्याच्या दोन-पाच टक्क्यांच्या मर्यादेत थोडा फुगविता येतो. तोफांच्या मंचाखालील लहान गोलाया अशा साधतात. मोठ्या पृष्ठभागासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पट्ट्यांचा. नौकेच्या दोन लगतच्या बरगड्यांमधील कवच हे शंकूचा किंवा नळकांड्याचा तुकडा आहे असे मानावयाचे, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र उलगडून कापावयाचा. हे मानणे खोटे असते. पण ते किती खोटे आहे हे मोजता येते. बरगड्यांतील अंतर ४ सेंटिमीटर आणि त्या ठिकाणच्या वक्रतेची त्रिज्या ५० सेंटिमीटर घेतल्यास, सरळ पट्टी आणि खरा वक्र यांतील कमाल अंतर ४ चा वर्ग भागिले ५० ची आठपट, म्हणजे ०.०४ सेंटिमीटर येते. नौकेच्या मापात हे १० सेंटिमीटर झाले. बरगड्या दुप्पट करून अंतर २ सेंटिमीटरवर आणले की चूक चौथाईवर, अडीच सेंटिमीटरवर, येते. मग बरगड्या वाढवीतच का जाऊ नये? कारण प्रत्येक पट्टीबरोबर एक सांधा येतो. २० पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी केवळ ०.१ मिलिमीटरने मोठी कापली गेली तर शेवटी २ मिलिमीटरची, म्हणजे नौकेवर अर्ध्या मीटरची, वाढ होते आणि नाळेचे टोक जुळत नाही. भूमितीची चूक पट्ट्या वाढविल्याने घटते, हाताची चूक त्यानेच वाढते. उत्तम कारागीर मध्यभागी रुंद पट्ट्या घेतो, टोकांकडे अरुंद, आणि कवच मध्यापासून दोन्ही टोकांकडे चिकटवीत जातो, जेणेकरून उरलेली चूक दोन्हीकडे वाटली जावी.

या कवचाखालचा सांगाडा मराठी घरांना अगदीच अनोळखी नाही. दिवाळीत बांबूच्या कामट्या बांधून त्यांवर पतंगाचा कागद ताणणारे हात आकाशकंदिलात हेच करीत असतात. तेथेही कागद कामटीपासून कामटीपर्यंत सरळ जातो, आणि गोल कंदील प्रत्यक्षात अनेक पैलूंचाच असतो. (अंगणात मातीचा किल्ला रचणारी मुले मात्र प्रेस शॉपच्या पंथाची: माती हवी तशी दबते.) नौकेच्या सांगाड्यासाठी १ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घेऊन त्याचा लांब कणा, आणि त्याला छेदणाऱ्या बरगड्या परस्परांत खाचा करून बसवितात. अशा अनेक तुकड्यांचे कापकाम लेसर यंत्राने नेमके होते. कापावयाच्या खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या खऱ्या जाडीइतकी हवी. छापील आराखडा १ मिलिमीटर म्हणतो आणि बाजारातील पुठ्ठा १.१ भरतो, तेव्हा कणा धनुष्यासारखा वाकतो, आणि त्यावर पुढे काहीही केले तरी नौका सरळ होत नाही.

कागदाचा स्वभाव हा स्वतंत्र विषय आहे. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू यंत्राच्या गतीच्या दिशेने पडतात. त्या दिशेला समांतर अशा अक्षाभोवती कागद सहज वळतो. आडवा वळविताना तो तडकतो. हवेतील ओलाव्याने तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात, म्हणून कागदही तंतूंच्या आडव्या दिशेने वाढतो. पूर्वी जुन्नरला होणाऱ्या हातकागदाच्या जातीत तंतूंना अशी ठळक दिशा नसते. आजच्या छपाईच्या कागदात ती असतेच. उड्डाण-डेकची लांबी जर तंतूंच्या आडव्या दिशेत आली आणि पावसाळ्यात कागद अर्ध्या टक्क्याने वाढला, तर ८५ सेंटिमीटरवर ४ मिलिमीटर भर पडते. नौकेवर ती एक मीटर होय. डेकला पोक येतो. म्हणून डेकचे तंतू लांबीला समांतर ठेवावे लागतात. मध्यभागीच्या कवचातही तीच दिशा योग्य, कारण तेथील गोलाई लांबीच्या अक्षाभोवती वळते. पण नाळेपाशी कवच उभ्या अक्षाभोवती वळते. तेथे तंतू उभे हवेत. अशा रीतीने नौकेच्या अंगावर दोन भिन्न दिशांचे कागद शेजारी येतात, आणि जुलै महिन्यात त्यांच्या सीमेवरील सांधा उघडतो. यावर निर्दोष उपाय नाही. आतून पातळ कागदाची पट्टी लावून सांधा बांधणे, पाण्याचा अंश कमी असलेला सरस वापरणे, आणि बाहेरून वार्निशाचा पातळ हात देणे एवढेच करता येते. पांढरा सरस सैल हाताने लावला तर पावसाळ्याची वाटही पाहावी लागत नाही.

पुराव्याचा प्रश्न पाण्याच्या रेषेखाली पुन्हा उभा राहतो. नौकेची बहुतेक छायाचित्रे ती तरंगत असतानाची, ७.३ मीटरचा बुडालेला भाग, प्रतिकृतीत सुमारे २.९ सेंटिमीटर, कॅमेऱ्याला दिसलाच नाही. विल्हेल्म्सहाफेनच्या आराखड्यांत नौका पाण्याच्या रेषेपाशीच कापून सपाट तळावर बसविण्याची प्रथा आहे. ती सोयीची म्हणून हिणविली जाते. परंतु जे पाहिले तेवढेच सांगावे हा प्रामाणिकपणाही तिच्यात आहे. ज्यांना पूर्ण नौका हवी त्यांनी वर्गाच्या रेषाचित्रांवर अवलंबावे. वरच्या भागाची मापे छायाचित्रांवरून काढताना डेकवर उभे असलेले सी हॉक हे १२.१ मीटरच्या मोजपट्टीचे काम देते, मात्र ते मोजावयाच्या वस्तूच्या शेजारी आणि कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर असले तरच. आणि एक विलक्षण साधन अखेरच्या दिवसांनी पुरविले आहे. मोडणीच्या वेळी घेतलेल्या छायाचित्रांत नौकेचे कवच कापलेले दिसते, आणि एरवी कधीही न दिसलेल्या बरगड्या व डेकचे थर छेदचित्रासारखे समोर येतात. जिने नौका नाहीशी केली, त्या क्रियेतच तिच्या रचनेचा हा पुरावा निर्माण झाला. मात्र ती नौका चढ असलेली, १९९७ नंतरची आहे. १९७१ साठी तिचा उपयोग करताना डेकच्या पुढच्या टोकाचा पुरावा बाजूला ठेवावा लागतो. तो चढ एकाच दिशेने वळलेला असल्यामुळे कागदात करावयास सर्व भागांत सोपा होता, ही गोष्ट निराळी.

जोडणीत उड्डाण-डेक कवचानंतर येतो, आणि त्याच्या उजव्या कडेवर ‘बेट’ म्हणून ओळखला जाणारा मनोरा, मग तोफा, विमाने, आणि दोरा वापरावयाचा ठरल्यास कठडे. डेक एकदा चिकटला की कणा, बरगड्या आणि आतून लावलेल्या पट्ट्या यांपैकी काहीच पुन्हा दिसत नाही. म्हणून डेक बसविण्यापूर्वी सांगाड्याचे छायाचित्र घ्यावे, आणि प्रत्येक बरगडीवर तिचा क्रमांक, ती कोणत्या चित्रावरून काढली त्याचा निर्देश आणि कोणत्या वर्षाची नौका गृहीत धरली ते वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढेमागे ही प्रतिकृती ओलाव्याने उकलली, तर उकलणाऱ्याच्या हाती निदान तेवढे तरी लागेल.